डोस कॅलिब्रेटर, दोन पावसाळे वापरून झाल्यावर: गोव्यातल्या हॉट लॅबमधून

दीड वर्ष झालं हे मशीन आमच्या हॉट लॅबमध्ये (किरणोत्सारी औषधं मोजून भरायची खोली) येऊन, दोन पावसाळे काढले त्याने आमच्यासोबत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. मी न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे, सेंटर पणजीपासून जवळच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण माझी मोठी तक्रार इथल्या सर्व्हिसबद्दल आहे आणि ती सर्व्हिस बघणारी माणसं बदलत असतात. जे कोणी नवीन सेंटर काढतायत किंवा जुनं मशीन बदलायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. मशीनला पाचपैकी साडेचार, सर्व्हिसला दोन.

आमच्या फील्डमध्ये नसलेले लोकही वाचतील म्हणून आधी थोडक्यात सांगते. पीईटी स्कॅन किंवा हाडांचा स्कॅन करताना पेशंटला जे इंजेक्शन देतो त्यात किरणोत्सारी औषध असतं, आणि ते मिलीलीटरमध्ये मोजून चालत नाही. औषध दिसायला साधं पाणी, पण त्यातली ताकद मिनिटामिनिटाला कमी होत असते. पीईटीला जे फ्लोरिन-१८ वापरतो त्याचं हाफ लाइफ ११० मिनिटं, म्हणजे पावणेदोन तासात (आणि वर पाच मिनिटं) निम्मं संपलं. टेक्निशियम-९९एमचं सहा तास. गॅलियम-६८चं फक्त ६८ मिनिटं. त्यामुळे सिरिंजमध्ये आत्ता, या क्षणाला किती मिलिक्युरी (किरणोत्साराच्या ताकदीचं एकक) आहे हे सांगणारं एकच यंत्र लॅबमध्ये असतं, ते म्हणजे डोस कॅलिब्रेटर. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) कागदांमध्ये त्याला आयसोटोप कॅलिब्रेटर म्हणतात, आणि ते नसेल तर सेंटर चालू करता येत नाही.

आत काय असतं? शिशाच्या जाड कड्यात बसवलेली एक विहीर, तिच्या भोवती बंद डब्यात दाबाखाली भरलेला आर्गॉन वायू, त्यावर काही शे व्होल्टचा दाब. सिरिंज विहिरीत सोडली की किरणांमुळे वायूत आयन तयार होतात, ते दोन्ही बाजूंना ओढले जातात आणि अगदी बारीकसा करंट वाहतो, पिकोअँपिअरपासून सुरू होणारा. मशीन तो करंट मोजतं आणि तुम्ही जो आयसोटोप (म्हणजे फ्लोरिन-१८, टेक्निशियम-९९एम वगैरे) निवडलाय त्याच्या ठरलेल्या आकड्याने भागून मिलिक्युरी दाखवतं. एवढंच. आत कुठला आयसोटोप आहे हे मशीनला कळत नाही, ते तुम्ही सांगायचं असतं, आणि या एका गोष्टीवर पुढे बरंच काही लिहिणार आहे.

आता आमची सकाळ कशी असते ते सांगते, म्हणजे मशीनकडून आम्हाला काय हवं असतं ते समजेल. एफडीजी, म्हणजे पीईटीचं फ्लोरिन-१८ जोडलेलं साखरेसारखं औषध, मुंबईहून विमानाने येतं. समजा पहाटे साडेचारला तिथे ३०० मिलिक्युरी मोजून शिशाच्या भांड्यात बंद केलं, विमान मोपाला उतरलं, माल बाहेर आला, गाडी पेडण्याहून म्हापसा, पर्वरी करत आमच्या दारात पावणेदहाला. सव्वापाच तास. इकडे पोचेपर्यंत ३०० चे ४१ राहतात. दहा वाजता पहिल्या पेशंटला ८ द्यायचे, तेव्हा बाटलीत ३७ च्या आसपास. साडेदहाला दुसऱ्याला ८, अकराला तिसऱ्याला ८, आणि त्यानंतर बाटलीत साडेपाच. चौथा पेशंट बसत नाही. विमान अर्धा तास लेट झालं तर तिसऱ्याचंही कठीण होतं. आणि हे पेशंट रात्रीपासून उपाशी असतात, शुगर तपासून, अंगावर चादर घेऊन शांत पडून असतात, कारण बोललं चाललं तरी स्नायूंत औषध जातं. मागच्या श्रावणात सत्तरी तालुक्यातून एक आजी आल्या होत्या, पहाटे चारला घरातून निघालेल्या, दर दहा मिनिटांनी विचारायच्या, "बाये, आजून कितलो वेळ गो?" अशा वेळी स्क्रीनवर ५.५ आलंय की ६ आलंय यावर त्या आजी आज स्कॅन करून घरी जाणार की परत एकदा यायचं हे ठरतं. म्हणून मला हे मशीन लॅबमधल्या बाकी सगळ्या वस्तूंपेक्षा महत्त्वाचं वाटतं, स्कॅनरपेक्षाही.

मशीन चांगलं आहे हे मनापासून सांगते. रीडिंग पटकन स्थिर होतं, सिरिंज सोडली की चार-पाच सेकंदात आकडा थांबतो, जुन्या मशीनवर आम्ही हात आखडून उभे असायचो आणि तेवढा वेळ बोटांना डोस. लिनियारिटी (मोठ्या आकड्यापासून लहान आकड्यापर्यंत मशीन सारखंच बरोबर मोजतं का याची तपासणी) आम्ही दर तीन महिन्यांनी करतो, जुन्या पद्धतीने, टेक्निशियम घेऊन. सोमवारी सकाळी आठला २०० मिलिक्युरी ठेवलं तर मंगळवारी आठला साडेबारा यायला हवं आणि बुधवारी आठला ०.७९, मध्ये मध्ये दर काही तासांनी नोंद. बाजारात शिशाच्या नळ्यांचे सेट मिळतात ज्यांनी अर्ध्या तासात हे काम होतं, पण वर्षातून एकदा तरी खरोखरचं दोन-तीन दिवस बसून करा असं मी सांगेन, कारण मशीन मोठ्या आकड्याला बरोबर आणि लहान आकड्याला चुकीचं, किंवा उलट, असं असू शकतं आणि ते रोजच्या चेकमध्ये सापडत नाही. आमचं आतापर्यंत सहा वेळा झालं, एकदाही रेषा सोडली नाही, जास्तीत जास्त फरक दोन टक्क्यांच्या आत. व्हॉल्यूमचंही बघितलं, तीच ॲक्टिव्हिटी ठेवून सलाइन घालत घालत एक एमएलपासून दहा एमएलपर्यंत गेलो, टेक्निशियमला काही विशेष फरक नाही.

पण सगळ्या आयसोटोपना हे लागू होत नाही हं. थॅलियम-२०१ किंवा आयोडीन-१२३ यांच्यात कमी ऊर्जेचे एक्स-रे पण निघतात, ते काचेत अडकतात आणि प्लास्टिकमधून निघून जातात, मग तोच डोस बाटलीत एक दाखवतो आणि सिरिंजमध्ये दुसरा. यिट्रियम-९० तर त्याहून अवघड, ते जवळजवळ सगळं बीटा सोडतं, मशीनला मिळतो तो फक्त बीटा थांबताना तयार होणारा थोडासा एक्स-रे, त्यामुळे भांडं, जाडी, उंची सगळ्याने आकडा हलतो. कंपनीच्या आयसोटोपच्या यादीत नाव आहे म्हणजे तुमच्या सिरिंजसाठी आकडा बरोबरच असं धरू नका.

माझी मशीनबद्दलची एकमेव नाराजी म्हणजे टच स्क्रीन. बटणं लहान, एकमेकांना खेटून, आणि आम्ही दोन-दोन ग्लोव्ह घालून काम करतो. गेल्या वर्षी आमच्याकडे नवीन मुलगी जॉइन झाली होती, हुशार आहे, सकाळी टेक्निशियमचा चेक करून ठेवला आणि एफडीजी आल्यावर घाईत बाटली तशीच सोडली, स्क्रीन टेक्निशियमवरच. आकडा कितीतरी पटींनी जास्त आला. ती धावत आली, "ताई, सप्लायरनं आज खूपच जास्त पाठवलंय!" आता बघा, फ्लोरिनच्या जवळजवळ प्रत्येक विघटनात पॉझिट्रॉन संपताना ५११ केव्हीचे (केव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) दोन किरण निघतात, टेक्निशियमचा एकच, १४० केव्हीचा, त्यामुळे तेवढ्याच ॲक्टिव्हिटीला फ्लोरिन करंट खूप जास्त देतं आणि मशीन बिचारं तुम्ही सांगितलेल्या भाजकाने भागत राहतं. त्या दिवशी फरक इतका मोठा होता की लगेच कळलं. उलटं झालं असतं, म्हणजे टेक्निशियम फ्लोरिनच्या बटणावर, तर आकडा कमी दिसला असता आणि कुणीतरी भरून भरून पेशंटला जास्त डोस दिला असता. आणि फ्लोरिन-गॅलियमची अदलाबदल झाली तर फरक इतका थोडा असतो की डोळ्याला खटकणारच नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे, बाटली विहिरीत सोडायच्या आधी सप्लायरच्या कागदावरचा आकडा आणि वेळ घेऊन आत्ता किती असायला हवं ते पेनाने वहीत लिहायचं, मगच मोजायचं. दोन्हीत पाच टक्क्यांच्या वर फरक दिसला तर थांबायचं. मुलांना सुरुवातीला कंटाळा येतो, पण आता त्यांना स्वतःलाच लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

घड्याळाचं वेगळं सांगते कारण हे फार कमी लोक सांगतात. नवीन मशीन आलं तेव्हा त्याचं घड्याळ आणि स्कॅनरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ यांच्यात सात मिनिटांचा फरक निघाला. फ्लोरिनमध्ये पाच मिनिटं म्हणजे तीन टक्के, दहा मिनिटं म्हणजे सहा टक्के. डॉक्टर रिपोर्टमध्ये गाठीची एसयूव्ही (गाठीने किती औषध ओढलं त्याचा आकडा) लिहितात, केमो लागू पडतेय का ते त्या आकड्यावरून बघतात, आणि तो आकडा काढताना किती वाजता किती डोस दिला हे लागतं. तीन-चार टक्के असेच घड्याळाने खाल्ले तर कसं चालेल? आम्ही दर सोमवारी तिन्ही घड्याळं मोबाइलशी लावतो, भिंतीवरचं पण. आणि नवीन कॅलिब्रेटर बसवला की स्कॅनरचं क्रॉस कॅलिब्रेशन परत करायलाच हवं. कारण स्कॅनर आणि कॅलिब्रेटर दोघं एकाच आकड्यावर जुळवलेले असतील तर कॅलिब्रेटरची थोडी चूक एसयूव्हीमध्ये कापली जाते, पण जुनं जुळवलेलं तसंच ठेवून नवीन मशीनवर डोस मोजला तर ती पूर्ण चूक रिपोर्टमध्ये उतरते. इंस्टॉलेशनला आलेला माणूस हे सांगून गेला नाही. आम्हाला आमच्या फिजिसिस्ट सरांनी करायला लावलं.

आता पावसाळा. पहिल्या जूनमध्ये दुसऱ्याच आठवड्यात बॅकग्राउंड वर चढायला लागला. विहीर रिकामी, डिपर (सिरिंज आत सोडायची दांडी) बाहेर, लायनर (विहिरीचं प्लास्टिकचं अस्तर) काढून पुसलेला, सर्व्हे मीटरने आतून बाहेरून बघितलं, कुठे सांडलेलं नाही, तरी नेहमीच्या ०.३ मायक्रोक्युरीच्या जागी कधी २, कधी ५, सकाळी जास्त, दुपारपर्यंत कमी. माझ्या लक्षात आलं की रात्री एसी बंद असतो. गोव्यातला पाऊस माहीत असलेल्यांना सांगायला नको, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर एवढा बारीक करंट नेणाऱ्या केबलच्या जोडात दमट हवा बसली तर तो गळणारच. फोन केला. फोनवर उत्तर मिळालं, "झिरो करून पुढे चालू ठेवा मॅडम." मला त्याचा खूप राग आला होता, अजून येतो. आठ मिलिक्युरीच्या एफडीजीसाठी पाच मायक्रोक्युरी म्हणजे काहीच नाही, एक टक्क्याचा दहावा हिस्सासुद्धा नाही, तिथे ठीक आहे. पण आम्ही त्याच मशीनवर मोली बघतो ना!

मोली म्हणजे काय ते पण सांगते. टेक्निशियम आम्ही जनरेटरमधून काढतो, जनरेटरमध्ये मोलिब्डेनम-९९ असतं, हाफ लाइफ ६६ तास, ते कॉलमला धरून राहतं आणि त्यापासून तयार झालेलं टेक्निशियम सलाइनबरोबर धुऊन येतं. थोडंसं मोली सुटून आलं तर पेशंटला विनाकारण डोस. म्हणून इल्यूशन (हे धुऊन काढणं) झाल्यावर बाटली एका जाड शिशाच्या डब्यात घालून विहिरीत सोडायची, टेक्निशियमचे १४० केव्हीचे किरण शिशात अडकतात, मोलीचे सातशेच्या वरचे बाहेर येतात, त्यावरून किती मोली ते कळतं. मर्यादा एका मिलिक्युरी टेक्निशियमला ०.१५ मायक्रोक्युरी. आणि ही मर्यादा इंजेक्शन देतानाची आहे, इल्यूशनची नाही. टेक्निशियम भराभर संपतं, मोली हळूहळू, त्यामुळे सकाळी ०.०४ असलेलं प्रमाण बारा तासांनी ०.१४ होतं. आता सांगा, ३०० मिलिक्युरीच्या बाटलीत आम्हाला दहा-बारा मायक्रोक्युरी मोजायचे असताना बॅकग्राउंड स्वतःच २ ते ५ मध्ये नाचतोय, तिथे झिरो करून पुढे कसं जायचं? दहा मिनिटांत झिरो परत सरकलेला असायचा.

इंजिनिअर यायला १९ दिवस लागले. दुसऱ्या राज्यातून येतात, गोव्यात एकदोनच मशीन म्हणून तक्रारीचं तिकीट मागे ढकलतात, असं त्यांच्याच ऑफिसमधल्या एका ताईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. ते १९ दिवस आम्ही निभावले ते जुन्या मशीनवर, जे आरएसओ (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) सरांनी भंगारात द्यायला नकार दिला होता. इंजिनिअर मुलगा मात्र फार चांगला होता, जोड उघडून साफ केला, सुकवला, ओलावा शोषणारी पुडी बदलली, आणि जायच्या आधी सांगितलं की खोलीत डीह्युमिडिफायर लावा आणि रात्री पण चालू ठेवा. तेवढंच केलं आणि दुसरा अख्खा पावसाळा, चवथीच्या त्या मुसळधार आठवड्यासकट, बॅकग्राउंड जागचा हलला नाही. हे वाक्य मॅन्युअलच्या पहिल्या पानावर किनारपट्टीच्या गिऱ्हाइकांसाठी लिहायला हवं होतं.

विकत घेताना सर्टिफिकेट नीट वाचा. आमच्याबरोबर जे कागद आले त्यात "फॅक्टरी कॅलिब्रेटेड" एवढंच एका ओळीत होतं. मी परत पाठवून विचारलं की कशाशी ताडून, कुठल्या सोर्सने (ताकद आधीच माहीत असलेला किरणोत्सारी नमुना), त्या सोर्सची साखळी कुठपर्यंत जाते. हा प्रश्न विचारायला संकोचू नका. आपल्याकडे किरणोत्साराच्या मोजमापाचं प्रमाण मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, सांभाळतं, आणि देशादेशांतली प्रमाणं एकमेकांशी जुळतात का हे पॅरिसजवळ सेव्रला, वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत बघतात. तिथे १९७६ पासून अशीच एक विहीर आहे, आयोनायझेशन चेंबर, वेगवेगळे देश आपला मोजलेला सोर्स काचेच्या ॲम्प्यूलमध्ये तिकडे पाठवतात आणि तो रेडियमच्या सोर्सशी ताडतात. पण आमच्या एफडीजीसारखंच त्यांचंही अडतं, फ्लोरिन किंवा टेक्निशियम दूरच्या देशातून तिथे पोचेपर्यंत संपून जाईल. म्हणून त्यांनी एक फिरतं उपकरण केलं, त्यात सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल आणि ताडून बघायला हजारो वर्षं टिकणारा निओबियम-९४चा सोर्स, आणि ते उपकरणच त्या त्या देशाच्या प्रयोगशाळेत नेऊन तिथल्या तिथे मोजतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप आनंद झाला होता. आम्ही मोपाच्या रस्त्यावर गाडीची वाट बघत जी मिनिटं मोजतो तीच मिनिटं जगातले सगळ्यात बारकाईने मोजणारे लोक पण मोजतायत.

चेक सोर्सचं (रोज मशीन तपासायच्या सोर्सचं) बघा, मशीनबरोबर येतीलच असं नाही, आम्हाला वेगळे मागवावे लागले. सीझियम-१३७ हवाच, त्याचं हाफ लाइफ तीस वर्षं, वर्षाला दोन-सव्वादोन टक्केच उतरतो, रोज सकाळी तो सोडला आणि आकडा ठरलेल्या रेषेवर आला की दिवस सुरू. आम्ही तो एकच सोर्स सगळ्या बटणांवर दाखवून लिहून ठेवतो, आकडे चुकीचेच असतात पण रोज तेच यायला हवेत, एखाद्या बटणाचा भाजक कुणी चुकून बदलला असेल तर तिथे पकडला जातो. कोबाल्ट-५७ पण घ्या, त्याची ऊर्जा टेक्निशियमच्या जवळची आहे, फक्त वर्षभरात चाळीस टक्क्यांवर येतो, म्हणून काही वर्षांनी नवीन घ्यावा लागणार हे बजेटमध्ये धरा.

बाकी किरकोळ. प्रिंटर ठीक, स्टिकर सिरिंजच्या शिल्डला नीट चिकटतात. सोबतचा यूपीएस चालू-बंद होताना आकडा उडवत होता, आम्ही दुसरा लावला. शिशाचं कडं कंपनीने दिलंय तेच वापरा, वरून अजून विटा रचल्यात आणि त्या विहिरीच्या अगदी जवळ आल्या तर किरण उलटून आत येतात आणि रीडिंग थोडं वाढतं, आमच्या शेजारच्या राज्यातल्या एका मैत्रिणीचे दोन महिने त्यात गेले.

एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदावर सही करायच्या आधी "इंजिनिअर किती दिवसांत येणार" हा आकडा लेखी घ्या, आणि तोपर्यंत बदली मशीन देणार की नाही ते पण. आम्ही या वर्षीच्या रिन्यूअलमध्ये पाच कामाचे दिवस लिहून घेतलंय. आणि प्लास्टिकचे लायनर दोन जास्तीचे मागा, एखाद्या दिवशी बाटलीतून थेंब गळलाच तर तो लायनर बाजूला ठेवून दुसरा घालता येतो आणि पुढचा पेशंट थांबत नाही.